कोल्हापुरात घर घेताना गुन्ह्यांचा आकडा कसा वाचावा

निवृत्तीनंतर कोल्हापुरात परतणाऱ्या आईसाठी तुम्हाला घर घ्यायचे आहे. नागाळा पार्कातील दुसऱ्या मजल्यावरची जुनी सदनिका आणि आर. के. नगरच्या बाजूचे नवे रो-हाऊस अशी दोन घरे पसंत पडली आहेत. तुम्ही दोघेही पुण्यात नोकरीला असल्याने आई बहुतेक दिवस एकट्याच राहणार आहेत. ‘उपनगरात गुन्हे फार वाढलेत’ असे एका नातेवाइकाने सांगितल्यापासून तुम्हाला घोर लागला आहे, आणि म्हणून या दोन्ही भागांचा गुन्ह्यांचा दर किती व तो कुठे मिळेल, असे तुम्ही विचारले आहे. पोलीस खात्यात मी एकतीस वर्षे काढली, त्यांतली बरीच कोल्हापूर जिल्ह्यात आणि काही घरफोड्यांच्या तपासावर. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, की ज्या दराच्या शोधात तुम्ही आहात तो गल्लीपुरता किंवा कॉलनीपुरता कोणी काढत नाही, आणि काढला तरी त्यावर घराचा निर्णय सोडू नये. मात्र ज्या नोंदींतून असे दर तयार होतात, त्या नोंदी नीट वाचल्या तर आईंच्या सुरक्षिततेविषयी बरेच काही कळते.

देशातील गुन्ह्यांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्यातला ‘दर’ म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे दाखल झालेले गुन्हे. शहरांचे स्वतंत्र तक्ते वीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांचे असतात आणि आपल्या राज्यातून त्यांत मुंबई, पुणे व नागपूर एवढीच नावे येतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती, त्यामुळे आपले शहर जिल्ह्याच्या आकड्यात मिसळून जाते, आणि त्या आकड्यात शिरोळपासून चंदगडपर्यंतचा सगळा मुलूख येतो. अमुक कॉलनीचा दर इतका, असे कोणी ठामपणे सांगितले, तर भागाकार कोणत्या लोकसंख्येने केला, हे आधी विचारावे. जनगणना होऊन दीड दशक लोटले आहे आणि या काळात शहराच्या दक्षिणेला किती घरे उभी राहिली, हे डोळ्यांना दिसते. भाजक जुना आणि भाज्य नवा असला की उत्तर फुगतेच.

लहान वस्तीत तर हा हिशेब आणखी फसवा होतो. दोन हजार लोकांच्या कॉलनीत वर्षभरात एक घरफोडी झाली तर दर लाखामागे पन्नास येतो. पुढच्या वर्षी एकाच रात्री, एकाच टोळीने तीन बंद घरे फोडली तर तो दीडशे होतो, आणि ‘घरफोड्या तिप्पट’ अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात कॉलनीत काहीही बदललेले नसते. सुट्टीचा आठवडा असतो आणि तीन घरांना बाहेरून कुलूप असते. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून घाबरू नये आणि एका वर्षाच्या शून्यावर निर्धास्तही होऊ नये. निदान तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

आकडा वाढला म्हणजे धोका वाढला, असेही नाही. देशात २०१९ साली एकूण ५१ लाख ५६ हजार गुन्हे नोंदले गेले होते, ते २०२० साली ६६ लाखांवर गेले. त्या वर्षी लोक घराबाहेर पडत नव्हते आणि चोऱ्या घटल्या होत्या. वाढ मुख्यत्वे टाळेबंदीचे आदेश मोडल्याच्या गुन्ह्यांची होती. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील, सरकारी आदेश मोडण्याबद्दलच्या कलम १८८ खालच्या नोंदी २९ हजारांवरून ६ लाख १२ हजारांवर गेल्या होत्या. त्या वर्षीचा दर पाहून कोणी घर नाकारले असते, तर त्याने मास्क न लावणाऱ्यांच्या भीतीने घर नाकारले असते.

जुगार आणि दारूबंदीच्या गुन्ह्यांचेही असेच आहे. मटक्याच्या अड्ड्यावर छापा पडला की गुन्हा दाखल होतो. छापा पडला नाही तर अड्डा चालू राहतो आणि कागद कोरा राहतो. हे गुन्हे पोलिसांच्या कामावर वाढतात आणि कमी होतात, म्हणून रहिवाशाने ते बाजूला काढून उरलेले वाचावेत. चोरीच्या नोंदीलाही हे काही अंशी लागू पडते. मी एका ठाण्याचा प्रभारी झालो तेव्हा मोटारसायकल चोरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘दोन दिवस शोधा, मग या’ असे सांगून परत पाठवण्याची सवय तिथे रुळली होती. ती मी मोडली. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर आली की तो नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाची गाडी गेलेली असते. त्या वर्षी आमच्या हद्दीतील वाहनचोरीचा आकडा इतका वाढला, की मासिक गुन्हे बैठकीत मला उभे राहून खुलासा द्यावा लागला. गाड्या पूर्वीइतक्याच चोरीला जात होत्या, पण आता त्या कागदावर येत होत्या आणि म्हणून काही सापडतही होत्या. जिथे तक्रार सहज घेतली जाते त्या भागाचा आकडा मोठा दिसतो, ही गोष्ट मी प्रत्येक घर घेणाऱ्याला कळकळीने सांगतो, कारण केवळ आकड्याला भिऊन माणसे नेमक्या चांगल्या ठाण्याच्या हद्दीतून पळ काढतात.

यात १ जुलै २०२४ पासून आणखी एक गुंता आला आहे. त्या दिवशी जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वी सोनसाखळी हिसकावण्याचा गुन्हा कधी चोरीच्या, तर कधी जबरी चोरीच्या सदरात जात असे. आता कलम ३०४ मध्ये हिसकावून चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. तिचा प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, होत नाही, अदखलपात्र नोंद होते. त्यामुळे २०२३ आणि २०२५ ची बेरीज समोरासमोर ठेवून चोऱ्या कमी झाल्या किंवा वाढल्या, असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर तो मान्य करू नये.

आता तुमच्या दोन घरांकडे येतो. नागाळा पार्क शाहूपुरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, आणि मध्यवर्ती बसस्थानकही त्याच ठाण्याकडे आहे. बसमध्ये चढताना पाकीट किंवा पर्स गेलेला गडहिंग्लजचा, बेळगावचा, सांगलीचा प्रवासी तक्रार द्यायला तिथेच जातो. त्याचे नुकसान खरे असते, पण नागाळा पार्कातील गल्लीत राहणाऱ्या बाईंच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध फार थोडा असतो. जुना राजवाडा ठाण्याचेही असेच आहे. अंबाबाईच्या दर्शनाला नवरात्रात लाखो भाविक येतात, गर्दीत दागिने आणि मोबाइल जातात, आणि ते सारे गुन्हे पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या नावावर लागल्यासारखे दिसतात. उलट आर. के. नगरचा भाग करवीर ठाण्याकडे आहे, आणि त्या ठाण्याच्या नोंदीत भोवतालच्या खेड्यांतील शेतीच्या बांधावरच्या मारामाऱ्या, भाऊबंदकीचे वाद आणि महामार्गावरचे अपघातही असतात. एका ठाण्याच्या आकड्यात बसस्थानकाची गर्दी आणि दुसऱ्याच्या आकड्यात शिवारातली भांडणे, अशा दोन बेरजा समोर ठेवून ‘कोणता भाग सुरक्षित’ हे ठरवणे म्हणजे वजनाच्या काट्यावर उंची मोजण्यासारखे आहे.

उपनगरांविषयी तुमच्या नातेवाइकांना जे जाणवते, त्यातही तथ्य आहे, पण कारण निराळे आहे. १९७२ साली महापालिका झाली, तरी हद्दवाढीचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला आणि शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगावच्या बाजूंनी पसरत गेले. घर शहरी, किंमत शहरी, पण रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीकडे, आणि पोलीस ठाणे अनेकदा लोकांच्या समजुतीपेक्षा वेगळेच असते. उचगावच्या बाजूला घर घेतलेल्या कितीतरी लोकांना आपले ठाणे गांधीनगर आहे, हे घरफोडी झाल्यावरच कळते. तक्रारीसाठी याने अडायचे कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते. खबर ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते, आणि अहवालाची प्रत मोफत मिळते. पण रात्री दीड वाजता ११२ वर फोन केल्यावर गाडी कोणत्या बाजूने आणि किती लांबून येणार, हे हद्दीवर अवलंबून असते. घर घेण्यापूर्वी विकासकाच्या माहितीपत्रकातील पत्त्यावर विसंबू नका. आपली ग्रामपंचायत किंवा प्रभाग कोणता, ठाणे कोणते आणि बीट, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा छोटा भाग, कोणते, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्या.

नोंदी वाचण्याची सोयही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकले जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ या सदरात जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडल्या की ते दिसतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून गेल्या सहा महिन्यांचे अहवाल चाळा. भारतीय न्याय संहितेची कलमे थोडी ओळखीची करून घ्यावी लागतील: राहत्या घरातील चोरी ३०५, त्यासोबत दिवसाची घरफोडी ३३१(३) आणि रात्रीची ३३१(४), हिसकावणे ३०४, जबरी चोरी ३०९, फसवणूक ३१८. मग घटनास्थळ आणि वेळ पाहा. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे वेळ. घरफोड्या दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान होत असतील तर कॉलनी दिवसा ओस पडते, असे समजावे. मध्यरात्री दोनच्या पुढे होत असतील तर बंद घरे आणि अंधार यांचा प्रश्न आहे. याहून नेमके हवे असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून संबंधित जनमाहिती अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या दिवसा व रात्रीच्या घरफोड्या, वाहनचोऱ्या आणि हिसकावण्याचे गुन्हे बीटनिहाय मागा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि घराचा व्यवहार एवढे थांबू शकतो.

घरफोडीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आयुष्याची बरीच वर्षे मी उचकटलेल्या कडी-कोयंड्यांसमोर उभा राहून काढली आहेत. सराईत चोर घर निवडताना श्रीमंती फारशी पाहत नाही, तो रिकामेपण पाहतो. दाराबाहेर लोंबणारे मोठे कुलूप, फाटकाला अडकलेली दोन दिवसांची वर्तमानपत्रे, न झाडलेले अंगण, रात्रभर जळणारा आणि दिवसाही न विझलेला व्हरांड्यातला दिवा, या खुणा तो दिवसा फिरून हेरतो. काही जण भंगार किंवा गॅस शेगडी दुरुस्तीच्या निमित्ताने येतात, काही नुसते मोटारसायकलवरून दोन फेऱ्या मारतात. दिवाळी, मे महिना, गौरी-गणपती आणि चैत्रातली जोतिबाची यात्रा या दिवसांत कोल्हापूरची निम्मी घरे गावाकडे गेलेली असतात, आणि आम्ही त्या आठवड्यांत गस्त वाढवत असू. पुराच्या दिवसांतही तसेच. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडू लागली की सखल भागातील कुटुंबे स्थलांतर करतात आणि आठवडाभर गल्ल्या रिकाम्या पडतात. कटावणीला साधा कोयंडा काही क्षणांत दाद देतो. आतल्या बाजूने बसवलेले कुलूप आणि लोखंडी सुरक्षा दार असले की वेळ लागतो व आवाज होतो, आणि चोराला नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात. आत शिरल्यावर तो कपाटाची किल्ली शोधतो, आणि मी पंचनामा केलेल्या बहुतेक घरांत ती किल्ली कपाटावर, गादीखाली किंवा देवघरात होती. लग्नासाठी लॉकरमधून आणलेले सोने परत ठेवायला आठवडा उशीर झाला म्हणून आयुष्यभराची पुंजी गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचे चेहरे आजही माझ्यासमोर येतात.

आई मात्र घरात असणार आहेत, म्हणून त्यांना घरफोडीपेक्षा दुसऱ्या तीन गोष्टींचा धोका अधिक आहे. पहिली, पहाटे फिरायला जाताना किंवा दारात रांगोळी काढताना पत्ता विचारण्याच्या बहाण्याने गळ्यातले हिसकावणे. दुसरी, तोतया पोलीस. साध्या वेशातले दोघे ‘पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा’ असे सांगतात आणि रुमाल परत देतात तेव्हा त्यात दगड असतात. कोणताही खरा पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढायला सांगत नाही, हे वाक्य आईंना पाठ असू द्या. तिसरी गोष्ट फोनवरून येते आणि ती नागाळा पार्कात व आर. के. नगरात सारख्याच सहजतेने पोहोचते. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असे सांगून वृद्धांना दिवसच्या दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवतात आणि मुदत ठेवी मोडायला लावतात. डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. असे काही घडले तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच सर्वाधिक असते.

टोळ्यांविषयी तुम्ही वर्तमानपत्रांत वाचत असाल. फाळकूटदादांची दहशत, कोयते नाचवणे, वाढदिवसाच्या केकवरून झालेल्या मारामाऱ्या हे कोल्हापूरला नवे नाही, आणि त्यावर तडीपारी, मोक्का, स्थानबद्धता ही शस्त्रे वापरली जातात. या हाणामाऱ्या बहुतेक वेळा आपसांतल्या असतात. जखमी होणारा आणि करणारा दोघेही एकमेकांना ओळखतात. त्यांचा जाच होतो तो त्याच गल्लीतल्या पानपट्टीवाल्याला, हातगाडीवाल्याला आणि सावकारी पाशात अडकलेल्या घरांना. म्हणून एखाद्या गरीब वसाहतीचे नाव घेऊन ‘तिच्या जवळ घर नको’ असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते. माझ्या तपासात पकडलेले घरफोडे फार थोड्या वेळा शेजारच्या वस्तीतले निघाले. अनेक जण दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा सीमेपलीकडून येऊन, चार घरे फोडून निघून गेलेले होते. रात्री कोणी ओरडले तर धावत येणारी माणसे मात्र मी त्या बदनाम वसाहतींत अधिक पाहिली.

आता प्रत्यक्ष पाहणीचे. दोन्ही घरे दलालाच्या सोबतीने रविवारी सकाळी पाहिली असतील, तर ती पाहणी पुरेशी झालेली नाही. कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता जा आणि गल्लीत किती दारे उघडी आहेत, हे मोजा. संध्याकाळी साडेसात-आठला क्लासवरून परतणाऱ्या मुली त्या रस्त्याने एकट्या येतात की वळसा घालून मोठ्या रस्त्याने येतात, ते पाहा. रस्त्याच्या सुरक्षिततेचे इतके अचूक माप मला दुसरे मिळालेले नाही. शनिवारी रात्री अकराच्या पुढे जा आणि मोकळ्या प्लॉटवर गाड्यांच्या बॉनेटवर बाटल्या मांडलेल्या आहेत का, हे पाहा. नव्या उपनगरांत अर्धवट बांधकामे आणि रिकामे भूखंड असतात, आणि ‘ओपन बार’ तिथेच भरतो. दूधवाला, किराणा दुकानदार आणि रिक्षा थांब्यावरचा एखादा जुना रिक्षावाला, या तिघांशी बोला. मग ठाण्यात जाऊन त्या भागाच्या बीट अंमलदाराला भेटा आणि ‘हा भाग कसा आहे’ असे न विचारता ‘गेल्या वर्षात या गल्लीत काय काय घडले’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘चांगला आहे’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्याला तो विचार करून बोलतो.

तुमची परिस्थिती पाहता, दोन्ही घरांत बाकी सारे सारखे असेल तर मी दुसऱ्या मजल्यावरची सदनिका घेईन. ठाण्याचा आकडा कोणता मोठा, यावर माझे हे मत बेतलेले नाही. एकट्या ज्येष्ठ बाईंच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी तिथे परक्या माणसाला दोन जिने आणि चार शेजाऱ्यांची दारे ओलांडावी लागतात. लिफ्ट नसेल आणि आईंचे गुडघे दुखत असतील तर मात्र माझे मत बदलेल, कारण जिन्याच्या भीतीने घरात कोंडून घेतलेल्या माणसाची शेजाऱ्यांशी ओळख तुटते आणि मग वरच्या मजल्याचा फायदा उरत नाही. रो-हाऊसच घ्यायचे ठरले, तर रांगेच्या टोकाचे, मोकळ्या प्लॉटला लागून असलेले घेऊ नका. मधले घ्या, आणि दोन्ही बाजूंना माणसे राहायला आली आहेत, याची खात्री करा. गुंतवणूक म्हणून विकत घेऊन बंद ठेवलेली घरे शेजारी असतील तर घर थोडे स्वस्तात मिळत असले तरी तो व्यवहार सोडा. खालच्या किंवा वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवणार असाल तर त्याची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरण्याची सोय आहे. ते काम पहिल्याच आठवड्यात करा.

आणि ताबा मिळाला की आईंना सोबत घेऊन एकदा ठाण्यात जा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली राज्याने २०१० साली नियम केले आहेत, आणि हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी प्रत्येक ठाण्याने ठेवावी, असे त्यांत सांगितले आहे. त्या यादीत आईंचे नाव, तुमचा पुण्याचा फोन नंबर आणि शेजारच्या एका घराचा नंबर लिहून घ्यायला सांगा, आणि बीट अंमलदाराचा नंबर आईंच्या फोनमध्ये तिथेच साठवून, एकदा लावून पाहा.